फुटबॉल सोडून फिटनेस कोच व्हायचंय, खेळलेल्याचा खरंच फायदा होतो का?

लेफ्टबॅक_३३:
नमस्कार मंडळी. ११ वर्षं प्रोफेशनल खेळलो, बहुतेक दुसऱ्या डिव्हिजनलाच, लेफ्ट बॅक. गुडघ्यातलं मेनिस्कस (कूर्चेची गादी) दोनदा गेलं, वय ३३, आणि या सीझननंतर कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही हे कोणी सांगायच्या आधीच कळलंय, कारण प्रॅक्टिस मॅचला माझ्या जागी नवीन पोरगा उभा असतो आणि मी कडेला सायकल मारत असतो. टॅक्टिक्स हा आपला प्रांत नाही, पण शरीर कसं टिकवायचं ते कळतं असं वाटतं, म्हणून फिटनेस कोचिंग डोक्यात आहे. शिक्षण मात्र अर्धवट सुटलंय. पदवी नसेल तर कोणी दारात उभं करतं का? आणि सुरुवात क्लबमध्ये करायची की जिममध्ये पर्सनल ट्रेनर म्हणून? या वाटेने कोणी गेलंय का?

जुना_स्टॉपर:
भाऊ, मी गेलोय. आधी माझी चूक ऐक. पहिल्या प्री-सीझनला १८-१९ वर्षांची पोरं हाताखाली दिली, मी त्यांना सरळ माझंच रूटीन लावलं, म्हणजे आमच्या जुन्या कोचने आमच्याकडून जे करून घेतलं तेच, सकाळी टेकडी, संध्याकाळी स्प्रिंट, आणि कोणाला उलटी झाली की आज काम झालं म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात तिघांचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, गेले. तिसरा तर नुसता बाहेर गेलेला बॉल आणायला पळाला आणि मागून मांडी धरून खाली बसला, पोटात गोळाच आला माझ्या. मला झेपायचं कारण मी दहा वर्षं त्यात मुरलो होतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.
तेव्हापासून वही ठेवली. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारायचं, ० ते १० मध्ये किती जड गेलं, आणि तो आकडा गुणिले मिनिटं. ९० मिनिटं झाली आणि पोरगा ७ म्हणाला तर ६३०. आठवड्याची बेरीज एकदम उडी मारताना दिसली की लगाम खेचायचा. किती पळाला ते मोजणारं जीपीएसचं जॅकेट असेल तर उत्तमच, पण वहीही चालते. फक्त एकेकट्याला विचार. सगळ्यांसमोर कोणी ८ म्हणत नाही, बेंचवरचे तर नाहीच नाही, त्यांना वाटतं दमलो म्हटलं की शनिवारची मॅच गेली. तू विचारलंस ना खेळलेल्याचा फायदा काय, तर हाच, पोरगा खोटं बोलतोय हे तोंड बघून कळतं, कारण आपणही तेच केलंय.

फिजिओ_पूर्वा:
स्टॉपरदादांचं पटलं, टेकडी सोडून 😄 मॅचमध्ये खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर कापतो, पण त्यातलं बहुतेक चालणं आणि हळू पळणं असतं, हॅमस्ट्रिंग जातो तो बहुतेक वेळा फुल स्प्रिंटमध्ये. म्हणून नुसता दम वाढवून भागत नाही. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहायचं, कोणीतरी घोटे धरायचे आणि शरीर हळूहळू पुढे सोडायचं, हा व्यायाम) नियमित केलं तर या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असं अभ्यासांमधून दिसलंय, आणि तरी टीममध्ये दोन आठवड्यांनी सगळे ते गुपचूप सोडून देतात कारण दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात. फिफा ११+ चा वॉर्मअपही असाच, वीस मिनिटांचा, फुकट, आणि करायचा कंटाळा.
पदवीचं म्हणाल तर एनएससीए या अमेरिकन संस्थेच्या सीएससीएस (स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोचच्या) परीक्षेला बॅचलर डिग्री लागतेच, त्यांच्याच पर्सनल ट्रेनरच्या परीक्षेला लागत नाही. युएफा आणि एएफसी, म्हणजे युरोप आणि आशियाच्या फुटबॉल संघटना, यांचे फिटनेस कोचिंगचे वेगळे कोर्स आहेत, त्यांच्या अटी तुमच्या फेडरेशनकडे विचारा. मी तर म्हणेन आधी एक वर्ष जिममध्ये काढा. तिथे पन्नाशीचे, सुटलेल्या पोटाचे, कंबर धरलेले लोक येतात, त्यांना साधं स्क्वॉट शिकवताना कळेल की आपल्याला जे न सांगता जमायचं ते शब्दांत सांगणं किती अवघड आहे. आणि शिकायला वय झालंय असं वाटत असेल तर बीपवर पळायची ती यो-यो फिटनेस टेस्ट काढणारा येन्स बँग्सबो बघा, डेन्मार्कच्या वरच्या लीगमध्ये खेळलेला माणूस, कोपनहेगनला फिजिऑलॉजीचा प्रोफेसर झाला आणि इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या कोचिंग स्टाफमध्येही होता.

बीपचा_बळी:
अच्छा म्हणजे तो आमच्यातलाच होता?? २० मीटर जा, २० मीटर ये, १० सेकंद श्वास घे, परत बीप. शत्रू समजत होतो त्याला.
बाकी एक कोणी बोललं नाही ते सांगतो, क्लबमध्ये हेड कोच गेला की बऱ्याचदा त्याच्यासोबत फिटनेसवालाही जातो, टीम हरते बॉल पायात असताना आणि बोलणी खातो प्रॅक्टिसला प्लास्टिकचे शंकू मांडणारा. त्यामुळे जिमची दोन-चार माणसं हातात ठेवच.

लेफ्टबॅक_३३:
सगळ्यांचे आभार. पूर्वाताई, जिमचं पटलं, पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी भेटायला जातोय. स्टॉपरभाऊ, तुमचं वाचून हसू आलं, आज सेशन झाल्यावर आमच्या फिटनेस कोचने विचारलं गुडघा कसा आहे, मी म्हटलं एकदम मस्त. आणि हे टाईप करतोय ते गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून.