क्रॉस ट्रेनरवर पाय बधिर होतो, कोणाला अनुभव?

वंदना (सी विंग): जिमवाल्यांना एक विचारायचं होतं. क्रॉस ट्रेनरवर (ते उभं राहून पेडल मारायचं मशीन) दहा-पंधरा मिनिटं झाली की उजव्या पायाची मधली बोटं बधिर होतात, मग चवड्याची नुसती आग आग. उतरून जरा फिरलं की आपोआप जातं. ट्रेडमिलवर असं कधीच होत नाही. बूट नवे आहेत, चांगले जाड सोलचे. हे मलाच होतं का?

रोहित (ए विंग): होतं की! मला वाटायचं आपलंच काहीतरी बिघडलंय. सायकलवरही होतं मला.

शिरीषकाका (बी विंग): रक्ताभिसरण. दुसरं काही नाही. मशीन सोडा आणि खाली चालायला या. सकाळी एक माणूस दिसत नाही ट्रॅकवर.

मनीषा (बी विंग): काका, तिने उपाय विचारलाय, मशीन सोडायची परवानगी नाही 😀 प्रज्ञा, तू फिजिओ आहेस ना, सांग ना काहीतरी.

प्रज्ञा (ए विंग): पेशंट संपले की लिहिते. तोपर्यंत वंदनाताई, एक काम करा. ते बूट घ्या, आतला सुटा तळ (इनसोल) बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. बोटं किंवा चवडा कडेच्या बाहेर जातोय का, बघा.

शिरीषकाका: हे एक फॉरवर्ड आलंय, तळव्याला रात्री तेल चोळून मोजे घालून झोपायचं. टाकू का?

सेक्रेटरी: फॉरवर्ड नकोत काका. विनंती.

वंदना: प्रज्ञा, करंगळी जवळजवळ अर्धी बाहेर जातेय. पण दुकानात तर बरोबर बसले होते!

प्रज्ञा: दुकानात आपण दोन मिनिटं उभे असतो, तेही बहुतेकदा बसून-बसून ताजे झालेले पाय घेऊन. व्यायामात पाय सुजतो, सगळ्यांचाच. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, व्यायामाला घालतो तेच मोजे घालून, आणि उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे ना ते बघून. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. तुमच्या बुटांची लांबी बरोबर असेल, अडचण रुंदीत आहे.

आता ट्रेडमिलवर का होत नाही ते सांगते. चालताना प्रत्येक पावलाला पाय उचलला जातो, तेवढ्यापुरता चवडा मोकळा होतो. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पेडलवरून उठतच नाही. अर्धा तास त्याच जागी तोच दाब. चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे नसा जातात. वरून वजन, खालून पेडल, दोन्ही बाजूंनी घट्ट बूट, की नस चेपते. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात ना, तोच प्रकार. काका, म्हणून रक्ताभिसरण हे उत्तर इथे बहुतेक वेळा लागू पडत नाही.

शिरीषकाका: ठीक. पण चालणं चांगलंच.

प्रज्ञा: चालणं चांगलंच, काका. त्यावर माझा वाद नाही.

रोहित: मग मी लेस घट्ट आवळतो ते चुकतंय का? पाय आत सरकतो म्हणून आवळतो.

प्रज्ञा: आवळायची जागा चुकतेय. पायाच्या वरच्या बाजूला चरबी जवळपास नसतेच, नसा कातडीच्या अगदी खाली असतात. तिथे लेस करकचली की बधिरपणा वरून सुरू होतो. पाय पुढे सरकतोय तर घोट्यापाशी धरायचा, चवड्यावर नाही. स्पोर्ट्स शूजमध्ये घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते रिकामंच ठेवतात. दोन्ही बाजूंनी लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा, मग समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढून नेहमीची गाठ मारायची. टाच घट्ट बसते आणि पुढची लेस सैल ठेवता येते.

पायाच्या वरच्या भागात एका ठरावीक जागीच टोचत असेल, तर तेवढ्या जागी लेस तिरकी न नेता त्याच बाजूने सरळ वरच्या भोकात न्यायची. मधे खिडकीसारखी मोकळी जागा राहते.

मनीषा: वा! हे माहीत नव्हतं. मी तर ते भोक बुटाला हवा लागावी म्हणून आहे असं समजत होते 😂

वंदना: बूट बदलणं लगेच जमणार नाही. तोवर काय करू?

प्रज्ञा: लेस पुढून सैल करा आणि पेडलवर उभं राहायची पद्धत बदला. तुम्ही टाच उचलून चवड्यावर उभ्या राहता, मी परवा पाहिलं. थकायला लागलं की आपण नकळत पुढे झुकतो, हँडलवर टेकतो आणि सगळं वजन चवड्यावर येतं. पाठ सरळ, वजन पूर्ण तळव्यावर, आणि दर काही मिनिटांनी मुद्दाम टाचेने पेडल दाबायचं. बोटं बुटाच्या आत हलवून बघा. ती हलत नसतील तर तुम्ही बोटांनी पेडल पकडून ठेवताय, आणि तेच बऱ्याच जणांना कळत नाही. बूट सैल असला तरी बोटं अशीच आवळली जातात, म्हणून "एक नंबर मोठा घेतला" हा उपाय कधी कधी उलटतो.

मधे मधे उलटं पेडल मारलं तर दाबाची जागा बदलते. मशीनचा चढ खूप ठेवला असेल तर कमी करा. आणि सगळा वेळ एकाच मशीनवर काढायलाच हवा असं कुठे आहे? अर्धा क्रॉस ट्रेनर, अर्धी ट्रेडमिल, हा सगळ्यात सोपा उपाय आहे, पण तो कोणालाच आवडत नाही कारण मशीनवरचा आकडा पहिल्यापासून मोजायला लागतो.

रोहित: आकड्यासाठीच तर करतो 😬

अनघा (डी विंग): बूट फार मऊ असला तर? माझा दाबला की पार खाली जातो.

प्रज्ञा: ट्रेडमिलवर पळायला ते ठीक. क्रॉस ट्रेनरवर आदळणं नसतंच, त्यामुळे एवढ्या गादीचा तसा उपयोग नाही. उलट पुढचा भाग अगदी लिबलिबीत असेल तर चवडा आत रुततो. थोडा कडक, सपाट तळ चांगला, दाब पसरतो. चवड्याच्या मागे लावायची छोटी पॅड मिळतात, त्यांनीही हाडं जराशी फाकतात आणि नसेला जागा होते. फक्त ती दुखऱ्या जागेच्या खाली लावायची नसतात, किंचित मागे, टाचेच्या बाजूला. बहुतेक लोक बरोबर दुखतं तिथे चिकटवतात आणि जास्त दुखवून घेतात.

रोहित: आणि सायकल?

प्रज्ञा: सायकलवर आधी पेडलचा पट्टा सैल कर. मग सीट बघ. टाच पेडलवर ठेव, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहतो, तेवढाच हवा. सीट उंच असली की खाली पोचायला पाऊल टोकदार करावं लागतं आणि सगळा भार पुढे जातो. एवढं करूनही आग होत असेल तर पाऊल पेडलवर थोडं पुढे सरकव, म्हणजे पेडलचा दांडा चवड्याच्या जरा मागे येईल. एकदम जास्त नको, बोटभर पुरे.

नितीन (सी विंग): मी सगळे मोजे-बूट काढून अनवाणी ट्रेडमिल करतो. काही त्रास नाही. निसर्गाने पाय असेच दिलेत.

सेक्रेटरी: नितीन, नियमावलीत बूट सक्तीचे आहेत. पट्ट्यात बोट अडकलं तर जबाबदारी कोणाची? चप्पल घालून येणाऱ्यांनाही हेच.

प्रज्ञा: नियम बाजूला ठेवला तरी, फिरत्या पट्ट्यावर अनवाणी नको. सरकलं तर कातडी सोलून निघते. पायाचे छोटे स्नायू बळकट करायचेत ना? घरी उभं राहून टाचा वर-खाली करा, एका पायावर तोल सांभाळा, बोटं न मुडपता तळव्याची कमान आखडून धरा. त्याला मशीन लागत नाही.

सुलभाकाकू (ए विंग): प्रज्ञा, माझा प्रश्न वेगळा आहे ग. ट्रेडमिल केली की रात्री काही नाही, पण सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं. चार पावलं चालले की बरं.

प्रज्ञा: काकू, सकाळचं पहिलं पाऊल म्हणजे बहुतेक तळव्याचा जाड पट्टा दुखावलाय, प्लांटर फॅसिआयटिस. यात नस चेपत नाही. तुम्ही चढ किती ठेवता?

सुलभाकाकू: आठ. ट्रेनर म्हणाला चढावर चरबी जास्त जळते. मी दांडा धरूनच चालते, नाहीतर भीती वाटते.

प्रज्ञा: दांड्याला लटकून आठचा चढ म्हणजे पोटरी आणि टाचेवर सगळा ताण, आणि चढाचा फायदा अर्धा हातांनी खाल्ला. चढ शून्य-एकवर आणा, वेग असा ठेवा की दांड्याला नुसता हात लागलेला पुरेल. तोलाची भीती असेल तर हात ठेवाच, त्यात लाज नाही, आणि तोल गेला तर मशीन बंद करणारी ती लाल क्लिप कपड्याला लावत जा. सकाळी उठण्याआधी पलंगावरच पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, मग खाली उतरा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण दिवसातून दोन-तीनदा. हे बरं व्हायला महिने लागतात, आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून सोडू नका.

सुलभाकाकू: बरं बाई.

शिरीषकाका: प्रज्ञा, एक विचारू? माझे दोन्ही तळवे रात्री जळजळतात. मशीनला मी हातही लावत नाही. शुगर आहे बारा-चौदा वर्षं.

प्रज्ञा: काका, हे बरं झालं विचारलंत. तुमचं आणि वंदनाताईंचं एक नाही. त्यांचं एका पायाला, मशीनवर असतानाच, उतरलं की जातं. तुमचं दोन्ही पायांना, रात्री, काही न करता. मधुमेहात नसांना इजा होते ती अशीच तळव्यांपासून सुरू होते. डॉक्टरांना सांगा की पाय तपासा. एक बारीक नायलॉनचा धागा असतो, १० ग्रॅमचा म्हणतात, तो तळव्याला टेकवून संवेदना आहे का बघतात. काही दुखत नाही. तुम्ही मेटफॉर्मिन घेता का?

शिरीषकाका: सुरुवातीपासून.

प्रज्ञा: मग बी-१२ ची तपासणीही करून घ्या. ती गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पाय जळजळतात. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही हां. आणि तुमच्यासाठी जिमपेक्षा महत्त्वाचं: बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा, खडा आहे का, शिवण टोचते का. संवेदना कमी असेल तर खडा बोचलेलाही कळत नाही आणि जखम होऊन बसते. रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा काकूंना सांगा.

शिरीषकाका: हं. उद्याच फोन करतो डॉक्टरांना.

मनीषा: काका तुम्ही आम्हाला रक्ताभिसरण सांगत होतात आणि स्वतः... जा नक्की.

अनघा: मग घाबरायचं कधी? म्हणजे मशीनवाल्यांनी.

प्रज्ञा: मशीनवरून उतरल्यावर अर्ध्या-एक तासातही बधिरपणा गेला नाही, किंवा दर वेळी लवकर लवकर यायला लागला, तर दाखवा. हाडावर एकाच बिंदूत बोट ठेवल्यावर कळ येते आणि त्या पायावर उडी मारवत नाही, तर व्यायाम थांबवा, हाडाला बारीक चीर असू शकते. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की थांबतो, तर मात्र तो शिरीषकाकांचा रक्ताभिसरणाचा विषय, तो डॉक्टरकडेच न्या. पाऊल उचलताना फरफटतंय, कंबरेतून कळ खाली येतेय, तर कंबर तपासायची. आणि दोन्ही पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधे बुटात खडा असल्यासारखं कायम वाटणं, हा आणखी एक प्रकार. मॉर्टन्स न्यूरोमा. थॉमस मॉर्टन नावाच्या सर्जनने १८७६ मध्ये वर्णन केलं होतं. नाव ऐकून लोक गाठ समजून हादरतात, पण तो कॅन्सर वगैरे नसतो, वारंवार चेपून नसेभोवती जाडपणा आलेला असतो. रुंद बूट आणि पॅडने पुष्कळांना उतार पडतो.

वंदना: मला खड्यासारखं नाही वाटत. आज लेस सैल करून, टाच टेकवून केलं. बोटं जरा उशिरा बधिर झाली, पण झाली.

प्रज्ञा: बूट तेच अरुंद आहेत ना, होणारच. बूट बदलेपर्यंत वेळ कमी ठेवा आणि मधे एकदा उतरा. मोजे कुठले घालता?

वंदना: जाड सुती.

प्रज्ञा: अरुंद बुटात जाड मोजा म्हणजे उरलीसुरली जागाही गेली. आणि सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओल्या कातडीला फोड लवकर येतात. पातळ, घाम सुकवणारे घाला.

रोहित: एक निरीक्षण. खिडकीजवळच्या क्रॉस ट्रेनरवर मला जास्त होतं, भिंतीकडच्यावर कमी. खिडकीजवळच्याच्या उजव्या पेडलचं रबर बाहेरच्या कडेने झिजलंय. पाय कलतो.

वंदना: अरे, मी कायम खिडकीजवळचंच घेते! आणि माझाही उजवाच.

प्रज्ञा: मग हेही कारण असणार. पेडल कललं की पाऊल एका कडेवर जातं. सेक्रेटरीसाहेब, हे तुमच्या खात्यात.

सेक्रेटरी: नोंद घेतली. उद्या मेंटेनन्सवाला येतोय, दोन्ही पेडलचं रबर बदलून घेतो. तोवर ते मशीन वापरू नका, बोर्ड लावतो.

नितीन: पंखाही बघायला सांगा, एकच पाते फिरल्यासारखा फिरतो.

सेक्रेटरी: पंख्याचं वेगळ्या मेसेजमध्ये टाका. एका मेसेजमध्ये दोन तक्रारी आल्या की दुसरी राहून जाते.