तुरुंगात डांबलेल्या पत्रकाराच्या सुटकेसाठी मोहीम कशी चालवावी?

निशिगंध:
नमस्कार. आमच्या परिचयातील एक पत्रकार बऱ्याच महिन्यांपासून तुरुंगात आहेत. सरकारी कंत्राटांतील गैरव्यवहारावर त्यांनी लेखमाला लिहिली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवल्याच्या आरोपाखाली त्यांना घरातून उचलण्यात आले. आरोपपत्र आम्ही वाचले आहे. त्यात पुरावा म्हणून जोडलेली कागदपत्रे म्हणजे मुख्यतः त्यांच्याच छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे आणि ज्या अधिकाऱ्यांशी ते बोलले त्यांच्याशी झालेल्या फोनच्या नोंदी आहेत. सुनावणीची तारीख पडते आणि पुढे जाते. अटकेनंतर निषेधाची पत्रके काढणारी मंडळी हळूहळू पांगली असून काही सहकारी आणि वाचक तेवढे उरलो आहोत.

आमच्यात मतभेद आहे तो असा. त्यांच्या पत्नीला वाटते की बाहेर गाजावाजा झाला तर त्याचा त्रास आतल्या माणसाला होईल, मुलाखती (तुरुंगातील भेटी) बंद होतील, औषधे वेळेवर मिळणार नाहीत. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की आपण गप्प बसलो तर त्यांचे नाव लोक विसरतील आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळत राहील. मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सुरुवात कोठून करावी हे कृपया सांगावे.

वकीलपत्र:
निशिगंध, सुरुवात त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीपासून करावी, आणि ही संमती एकदा घेऊन भागत नाही. वकिलांची पुढची मुलाखत होईल तेव्हा नेमके प्रश्न विचारून घ्या: नाव आणि छायाचित्र वापरावे का, आजाराविषयी जाहीरपणे बोलावे का, मुलांचा उल्लेख टाळावा का. बचावाचे मुद्दे मात्र कोणत्याही पत्रकात येऊ देऊ नका. उत्साहाच्या भरात लिहिलेले एखादे वाक्य सरकारी वकिलाच्या हाती आयते पडते आणि मग त्याचे उत्तर आरोपीला द्यावे लागते.

दुसरे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून पुढचे काहीही उभे राहत नाही. एका पानाचे टिपण तयार करा. अटक कोणत्या दिवशी आणि किती वाजता झाली, कोणी केली, वॉरंट दाखवले का, न्यायाधीशांपुढे केव्हा उभे केले, कोणती कलमे लावली, वकिलांना पहिल्यांदा केव्हा भेटू दिले, हे सर्व त्यात यावे आणि प्रत्येक विधानामागे एक कागद असावा. ज्याची खात्री नाही ते वगळा, कारण एक तारीख चुकली की उरलेल्या सर्व तारखांवरचा विश्वास उडतो.

हे टिपण हातात असले की संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे जाता येते. १९९१ साली स्थापन झालेल्या या गटाकडे कुटुंबीय, वकील किंवा एखादी संस्था अर्ज करू शकते आणि त्यासाठी देशातील सर्व न्यायालयांच्या पायऱ्या आधी झिजवलेल्या असल्या पाहिजेत अशी अट नाही. नेहमीच्या प्रक्रियेत सरकारला उत्तरासाठी ६० दिवस दिले जातात आणि नंतर गट आपले मत प्रसिद्ध करतो. त्या मताची सक्तीने अंमलबजावणी करणारी यंत्रणा नाही, हे पत्नीला आधीच स्पष्ट सांगा. तरीही "अटक बेकायदेशीर आहे" हे मित्रांनी म्हणणे आणि अशा गटाने लेखी नोंदवणे यांत फार अंतर असते. परराष्ट्र मंत्रालये आणि दूतावास गटाच्या लेखी मताची दखल घेतात.

बोरू:
मी स्वतः पत्रकारितेत आहे. गप्प बसल्याने कैद्याचे रक्षण होते, या समजुतीविरुद्ध मला सर्वांत आधी एक नाव आठवते ते दावित इसाक यांचे. इरिट्रियात 'सेतित' हे वृत्तपत्र चालवणाऱ्यांपैकी ते एक होते आणि स्वीडनचेही नागरिक होते. २३ सप्टेंबर २००१ रोजी त्यांना अटक झाली. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही. स्वीडनच्या सरकारने पडद्याआडच्या मुत्सद्देगिरीवर भर दिला. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ते सुटलेही, पण दोनच दिवसांत पुन्हा आत गेले. मोठा आवाज केला असता तर ते नक्की सुटले असते असा दावा मी करणार नाही. मात्र शांततेने त्यांना वाचवले असे कोणालाच म्हणता येणार नाही.

याउलट म्यानमारमधील 'रॉयटर्स' वृत्तसंस्थेचे पत्रकार वा लोन आणि च्याव सो ऊ यांचे प्रकरण पाहा. इन दिन गावातील १० रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा शोध घेत असताना डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना पकडले. दोघे तुरुंगात असतानाच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, 'रॉयटर्स'ने त्यांच्या संमतीने ती बातमी छापली, म्हणजे ज्या कामासाठी त्यांना कोंडले ते काम जगापुढे आलेच. अझरबैजानच्या पत्रकार खदिजा इस्मायिलोवा यांना डिसेंबर २०१४ मध्ये अटक झाली तेव्हाही भ्रष्टाचारावरील त्यांचा तपास इतर देशांतील पत्रकारांनी पुढे चालवला. मला हा मार्ग सर्वांत परिणामकारक वाटतो. लेखमाला अपुरी असेल तर ती पूर्ण करा आणि प्रत्येक भागावर त्यांचे नाव छापा, कारण लिहिणाऱ्याला डांबून लिहिणे थांबत नाही हे अधिकाऱ्यांना दिसले की त्याला आत ठेवण्याचा हेतूच विफल होतो.

तुमच्या मतभेदावर माझे सुचवणे एवढेच, की कामाची वाटणी करावी. औषधे, मुलाखती आणि थंडीचे कपडे या मागण्या पत्नी आणि वकील तुरुंग अधीक्षकांकडे शांतपणे आणि लेखी करतील. सुटकेची जाहीर मागणी सहकारी करतील. त्यामुळे मोहिमेचा राग कुटुंबावर निघण्याची शक्यता कमी होते, पूर्ण टळते असे नाही.

ध्रुवतारा:
पत्रांविषयी लिहितो, कारण ते काम कोणालाही करता येते. अमेरिकी पत्रकार इव्हान गर्श्कोविच रशियात कैदेत असताना त्यांच्या मित्रांनी जगभरातून पत्रे गोळा केली आणि ती रशियन भाषेत अनुवादित करून पाठवली, कारण तुरुंगातील तपासनिसाला वाचता येईल असेच पत्र आत जाते. तुमची पत्रेही कोणीतरी वाचणार आहे असे धरून लिहा. खटल्याचा उल्लेख नको; वाचलेले पुस्तक, बुद्धिबळाचा डाव, घरातील मांजराच्या खोड्या असे काहीही चालेल. प्रत्येक पत्रावर क्रमांक घाला, म्हणजे कोणते पत्र पोहोचले नाही हे मुलाखतीत कळेल.

आणखी एक गोष्ट मोहिमांच्या लक्षात उशिरा येते. जामीन मंजूर होणे म्हणजे सुटका नव्हे. पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दुसरे प्रकरण प्रलंबित असल्याने ते तुरुंगाबाहेर आले २ फेब्रुवारी २०२३ रोजी. मधल्या काळात स्थानिक जामीनदार मिळणेही कठीण झाले होते. तेव्हा लखनौ विद्यापीठाच्या माजी कुलगुरू रूपरेखा वर्मा त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. तुमच्या गटातील कोण जामीनदार राहू शकेल आणि त्यासाठी कोणते कागद लागतील हे आत्ताच ठरवून ठेवा.

निशिगंध:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कामाच्या वाटणीची कल्पना मी त्यांच्या पत्नीला सांगितली आणि प्रथमच त्या मोहिमेविषयी मोकळेपणाने बोलल्या. एक शंका उरते. शिक्षा झालीच तर दयेचा अर्ज करावा का? काही सहकाऱ्यांना तो गुन्ह्याची कबुली वाटतो.

वकीलपत्र:
अर्जाच्या मजकुरावर आणि तेथील कायद्यावर ते अवलंबून असते. बोरू यांनी सांगितलेल्या म्यानमारच्या प्रकरणात दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली होती आणि अपिले फेटाळली गेली होती. त्यांच्या पत्नींनी एप्रिल २०१९ मध्ये पत्र लिहून क्षमा मागितली, ती पतींनी काही चूक केली म्हणून नव्हे, तर ते आपल्या कुटुंबात परत यावेत म्हणून. ७ मे २०१९ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या माफीने दोघे सुटले. वा लोन आत असतानाच त्यांच्या मुलीचा जन्म झाला होता. तेव्हा कबुली न देणारा मसुदा शक्य आहे का हे वकिलांना विचारा आणि निर्णय त्या पत्रकारांवर सोपवा. त्यांनी अर्ज करायचे ठरवले तर सहकाऱ्यांनी जाहीर नापसंती दाखवू नये, आणि त्यांनी नकार दिला तर घरच्यांनीही आग्रह धरू नये. सध्या मात्र पुढच्या तारखेला न्यायालयात कोण कोण हजर राहणार याची यादी करा, आणि शक्य असल्यास एखाद्या दूतावासाच्या किंवा वकील संघटनेच्या निरीक्षकाला लेखी निमंत्रण पाठवा.