मदत हवी आहे: अनुदानात संस्थेचा वाटा वस्तुरूपात दाखवता येतो का?

आमची नोंदणीकृत नाट्यसंस्था ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (हंगामी झोपड्यांच्या वस्तीवर) बालनाट्याचे दहा प्रयोग करणार आहे. गेल्या हंगामात एक केला, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात. कधीच नाटक न पाहिलेली पोरं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत. म्हणून हे व्हायलाच हवं.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ‘कल्चरल फंक्शन अँड प्रॉडक्शन ग्रँट’साठी अर्ज भरतोय. एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब तयार आहेत. अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. बाकीचं आपण उभं करायचं. गावकरी मांडव, जेवण, ट्रॅक्टर देतायत, रोख नाही. तिकीट लावणार नाही. आमच्या सीएंनी असा अर्ज कधी केलेला नाही.

ज्यांना हे अनुदान मिळालंय त्यांनी सांगाल का: असा वाटा अंदाजपत्रकात कसा दाखवलात, आणि पुढे उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कसं खर्च झालं याच्या दाखल्यात) तो धरला गेला का?