लँडमार्क सापडत नाहीत, दोष कुणाचा?
विषय आहे कीबोर्डने वेबपानाच्या लँडमार्कवर, म्हणजे मेनू, मुख्य मजकूर अशा कोडमध्ये नोंदलेल्या भागांवर, थेट नेणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनचा. ‘स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हे आधीपासून आहे, मग वेगळं एक्स्टेन्शन कशाला’ हा काहींचा मुद्दा मला अर्धाच पटतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये डी दाबून लँडमार्क आणि एच दाबून शीर्षकं गाठता येतात, खरंय. पण ज्यांना नीट दिसतं, फक्त मनगट दुखतं म्हणून माउस सोडलाय, त्यांच्याकडे मुख्यतः टॅबची कळच उरते. ती थांबते लिंक, बटणं आणि फॉर्मच्या रकान्यांवर. मेनू लांबलचक असला की मजकुरापर्यंत पोचेतो बोटं शिणतात.

‘काही पानांवर ते काहीच दाखवत नाही’ ही एक्स्टेन्शनबद्दलची तक्रार मात्र बहुधा पान बनवणाऱ्याकडे न्यायला हवी. एक्स्टेन्शन डोळ्यांना दिसणारे चौकोन बघत नाही, मार्कअप, म्हणजे पानाचा एचटीएमएल कोड, वाचतं. सगळं डिव्ह या भागाचा अर्थ न सांगणाऱ्या टॅगमध्येच कोंबलं असेल तर त्याला सापडणार काय? सेक्शन या टॅगचा घोळ तर बऱ्याच डेव्हलपर मंडळींनाही ठाऊक नसतो: आरिया-लेबल (कोडमध्ये भागाला नाव देणारा गुणधर्म) किंवा तत्सम मार्गाने नाव दिलं नसेल, तर तो लँडमार्क धरलाच जात नाही. आर्टिकल टॅगच्या आतले हेडर-फूटरही तसेच बाद. मेन (मुख्य मजकूर) आणि नॅव्ह (मेनू) या टॅगना नावाची अट नाही. शॉर्टकट दुसऱ्या कशाशी भिडत असतील, तर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत एक्स्टेन्शनच्या सेटिंगमधून बदलता येतात.