इंदूरमध्ये हिंसक गुन्हे वाढलेत म्हणे. नेमका कोणता आकडा वाचायचा?

रामबागकर

मथळा ठरलेला असतो: ‘शहरात हिंसक गुन्हे इतके टक्के वाढले’. त्यावर ‘इंदूर आता पूर्वीचं राहिलं नाही’ हा सूरही ठरलेला. माझं म्हणणं सरळ आहे, ही बेरीज वाचूच नका.

एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) ‘हिंसक गुन्हे’ या गाठोड्यात खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, लूट, दरोडा तर आहेतच. शिवाय अपहरण, दंगल, जाळपोळ, गंभीर दुखापतही आहे. यात अपहरणाचं वजन अवाढव्य. २०२२ मध्ये देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, अपहरणाचे १,०७,५८८. जवळजवळ चौपट. हा आकडा फुगतो कशाने? मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या अल्पवयीन मुलांच्या तक्रारीवर गुन्हाच नोंदवायला सांगितलं. तेव्हापासून दहावीचा निकाल बघून पोरगं घरातून पळालं, तरी थान्यात (पोलीस ठाण्यात) अपहरणाचं कलम ३६३ लागतं (आता जुन्या दंड विधानाऐवजी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १३७). चार दिवसांनी ते उज्जैनला मावशीकडे सापडतं, पण त्या वर्षीच्या अपहरणांत ते मोजलं गेलेलं असतं.

शहर धोकादायक झालं की नाही याला कसोटी एकच, खून. प्रेत लपवणं अवघड, आणि टीआयला (थान्याच्या प्रमुखाला) ‘आपसातली झूमाझटकी’ लिहून मोकळं होता येत नाही.

सुदामानगरी

अपहरणाचं मान्य. पण खुनावर एवढा भरवसा? खुनाचा आकडा रस्त्यावरच्या हिंसेइतकाच रुग्णालयाचाही असतो.

चाकूचा वार मांडीतल्या मोठ्या धमनीवर बसला तर माणूस काही मिनिटांत जातो. तोच माणूस दाब देऊन, वेळेत एम.वाय.ला (इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) पोचला, रक्त मिळालं, टेबलावर घेतला, तर गुन्हा ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न. हल्लेखोर तोच, चाकू तोच, हेतूही तोच. म्हणजे रुग्णवाहिका लवकर यायला लागल्या आणि खून कमी झाले, तर चाकूबाजी कमी झाली असं म्हणायचं का?

आता कलम कसं ठरतं ते बघा. जखमी आला की डॉक्टर एमएलसी (पोलिसांसाठीचा जखमांचा अहवाल) लिहितात: जखमेची लांबी, रुंदी, खोली, जागा, हत्यार धारदार की बोथट. एक्स-रे यायचा असेल तर मत राखून ठेवतात. पुढे थान्यातून क्वेरी जाते, ‘जखम जिवाला धोका निर्माण करणारी होती का?’ उत्तर आल्यावर कलम वाढतं, कधी वाढत नाही. पहिल्या दिवशीचं ३२४ (हत्याराने साधी दुखापत) तीन आठवड्यांनी ३२६ (हत्याराने गंभीर दुखापत) होऊ शकतं.

आणि एक गोष्ट बातम्यांत कुठेच येत नाही. जुन्या दंड विधानात जखमी २० दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजचे व्यवहार करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हीच मुदत १५ दिवसांची आहे. म्हणजे १७ दिवस अंथरुणावर पडलेला माणूस जून २०२४ मध्ये साधी दुखापत, जुलैत गंभीर. साधी दुखापत ‘हिंसक’ यादीत नाही, गंभीर आहे. रस्त्यावर काहीही न बदलता आकडा वर जाणार.

म्हणून खून एकटा नको. खून, खुनाचा प्रयत्न आणि धारदार हत्याराने गंभीर दुखापत यांची बेरीज करा. जुनी ३०२, ३०७, ३२६. नवी १०३, १०९, ११८(२).

रामबागकर

म्हणजे जो मनमानीपणा मी दारातून बाहेर काढला तो तुम्ही खिडकीतून आत घेतलात. ३०७ इतकं लवचिक कलम दुसरं नाही. फिर्यादी वजनदार असला किंवा व्हिडिओ फिरला की ३०७, नाहीतर ३२४ वर भागतं. पुढे कोर्टात हेतू सिद्ध होत नाही ते वेगळंच. व्हिडिओ वाढले म्हणून ३०७ वाढलं नाही, हे तुमच्या बेरजेतून कसं कळणार?

आकडेमोड

तुमचं चालू द्या, पण दोघांचीही गाडी भागाकाराच्या आधीच अडलीय.

एनसीआरबी २० लाखांवरच्या १९ महानगरांचे आकडे वेगळे देते, त्यात इंदूर आहे. या शहरांचा ‘दर लाखामागे’ दर काढताना लोकसंख्या घेतात २०११ च्या जनगणनेची. इंदूरला २१.७ लाख. राज्यांचा आणि देशाचा दर मात्र त्या-त्या वर्षाच्या अंदाजित लोकसंख्येवर. याचा परिणाम करून बघा. समजा एखाद्या वर्षी ६५ खून झाले (आकडा काल्पनिक आहे, कोणी उचलू नका). २१.७ लाखांनी भागलं तर दर ३.०. देशाचा २०२२ चा दर २.१. झाला मथळा: ‘इंदूर देशाच्या दीडपट’. शहर आज ३० लाखांचं धरलं तर दर २.२, म्हणजे देशाच्या बरोबरीने. अर्धी भानगड छेदाची.

दुसरं, खुनाचे आकडे लहान असतात आणि लहान आकडे नुसत्या योगायोगाने उड्या मारतात. महिन्याला सरासरी ५ खून धरा. काहीही बदललं नाही तरी वर्षातल्या एखाद्या महिन्यात ९ किंवा जास्त खून येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, साधारण ५७ टक्के. त्या महिन्यात ‘इंदूर बनलं गुन्ह्यांचं शहर’ छापून येतं, पुढच्या महिन्यात ३ येतात आणि पोलिसांच्या मोहिमेला श्रेय मिळतं. वर्षाचं गणितही तसंच: ६० वरून ७२, म्हणजे तब्बल २० टक्के वाढ, पण अशा दोन वर्षांतला स्वाभाविक चढउतारच ११ च्या आसपास असतो. तीन-तीन वर्षांची सरासरी घेतल्याशिवाय खुनावर बोलू नये. सुदामानगरींच्या बेरजेचा खरा फायदा हाच आहे, आकडा मोठा होतो आणि डगमग कमी होते.

पलासियावाली

वा! एकाने अपहरण काढलं, दुसऱ्याने गंभीर दुखापत, तिसऱ्याने उरलेलं योगायोगात घातलं. आता इंदूरमध्ये गुन्हाच उरला नाही की भिया!

तुम्ही सगळे वाढ खोटी कशी हे शोधताय. घट खोटी कशी, हे कोणी विचारलं? नोंद न होणं हा भारतातल्या आकड्यांचा मोठा रोग आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली. कुणाकडेही, म्हणजे बहुतेक माहेरी. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या त्याहून कमी. एनसीआरबीच्या २०२३ च्या अहवालात महानगरांमध्ये एकूण गुन्ह्यांच्या दरात कोची अव्वल दिसतं, ते काय कोचीत रोज मुडदे पडतात म्हणून? केरळात नोंद होते म्हणून. हिंसेचा दर कमी दिसणाऱ्या शहराचं मी तरी अभिनंदन करणार नाही. आधी विचारीन, तिथे थान्यात फिर्याद घेतात का?

आणि ‘गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत’ हा एनसीआरबीचा इशारा अधिकारी फक्त वाढीच्या वर्षी वाचून दाखवतात. घटीच्या वर्षी तो कुठे जातो?

आकडेमोड

मुद्दा रास्त आहे, त्याची परीक्षाही करता येते. हिंसक गुन्हे वाढले आणि खून तिथेच असतील, तर आधी नोंद वाढल्याचा संशय घ्यायचा. खुनाच्या तुलनेत लूट आणि दुखापत घसरत असतील, तर तुम्ही म्हणता तसा, दाबादाबीचा. ३०२ ला ३०७ चं प्रमाण वर्षानुवर्षं मांडून ठेवा, ते अचानक उडालं की शहर बदललं नाही, थान्याची लिहिण्याची सवय बदलली असं धरून पुढे शोधायचं.

फक्त २०२१ च्या अलीकडची-पलीकडची वर्षं एका रेषेत जोडू नका. ९ डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. महू, देपालपूर, सांवेर वगैरे थाने ग्रामीण एसपींकडे. बातमीत एका वर्षी जिल्ह्याचा आकडा असतो, दुसऱ्या वर्षी शहराचा, आणि मथळ्यात दोन्ही वेळा ‘इंदूर’.

रामबागकर

प्रमाणाची युक्ती चांगली आहे. पण खुनाचंही एक राहिलं, ते माझ्याविरुद्ध जातं तरी सांगतो. संशयास्पद मृत्यू आधी मर्ग (आकस्मिक मृत्यू) म्हणून नोंदतात. विसेरा (शरीरातल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल यायला महिने लागतात. डिसेंबरचा मर्ग मार्चमध्ये खून झाला तर तो पुढच्या वर्षात मोजला जातो, कारण वर्ष गुन्हा नोंदल्याच्या तारखेवरून धरतात, घटनेच्या नव्हे. शिवाय एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी एनसीआरबी सर्वांत गंभीर तेवढंच मोजते. लुटीत खून झाला तर लूट गायब.

सुदामानगरी

अहवालाची वाट बघायचीच कशाला? २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आला. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर थाना आणि तारखा निवडा: लसूडिया, बाणगंगा, चंदननगर, खजराना, काय हवं ते. मग स्वतःचा तक्ता करा, रकाने पाच: घटनेची तारीख, नोंदीची तारीख, जागा, कलमं, हत्यार. हत्यार मजकुरात सापडतं, कलमात नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा नंतर नोंदला तरी जुन्याच कलमाखाली येतो, तेव्हा दोन्ही क्रमांक शोधायचे. ११५(२) (साधी दुखापत) आणि ११८(१) (हत्याराने साधी दुखापत) सोडू नका, खरी चाकूबाजी तिथेच दडलेली असते. आणि पहिली एफआयआर म्हणजे अंतिम कलम नव्हे, जखमी नंतर दगावला तर ते त्या कागदावर दिसत नाही.

पलासियावाली

करा. पण लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याच्या) एफआयआर तिथे टाकतच नाहीत, आणि टाकूही नयेत. तेव्हा तुमच्या पाच रकान्यांतून जे शहर दिसेल ते पुरुषांनी पुरुषांना चाकू मारण्याचं असेल. त्याला तसंच नाव द्या, ‘इंदूरची सुरक्षितता’ म्हणू नका.