बीजभाषणाची एक वेळ आणि दोन वक्ते : शुक्रवारच्या आत निर्णय हवा

प्रेषक : वक्ता समिती, नौपाडा (ठाणे)

सप्रेम नमस्कार.

परदेशातील आणि परत येऊन उद्योग सुरू करू पाहणाऱ्या सभासदांसाठीच्या आपल्या वाशीच्या परिषदेची तयारी सुरू आहे. छापखान्याने तिच्या कार्यक्रमपत्रिकेचा अंतिम मजकूर शुक्रवारी सायंकाळी सहापर्यंत मागितला आहे आणि सकाळी १०.३० ते ११.१५ या बीजभाषणाच्या वेळेपुढे आज दोन नावे आहेत. वागळे इस्टेटमधील आपल्या ज्येष्ठ उद्योजकांना मी दिवाळीआधी त्यांच्या कारखान्यात जाऊन भेटले होते आणि त्यांनी येण्याचे कबूल केले होते. काल रात्री मस्कतहून उपाध्यक्षांनी कळवले की त्याच वेळेसाठी एका व्यावसायिक वक्त्यांची तारीख त्यांच्या कार्यालयामार्फत धरून ठेवली असून शुक्रवारपर्यंत निम्मे मानधन जमा झाले नाही तर ती दुसऱ्या आयोजकांना दिली जाईल.

वक्त्यांशी बोलणी वक्ता समितीने करावीत, असे ऑगस्टच्या बैठकीत ठरले होते. ते पाळले गेले असते तर हा पेच उद्भवलाच नसता. मी एका वडीलधाऱ्या माणसाला शब्द दिला आहे आणि तो परत घ्यायला मी जाणार नाही, हे आताच स्पष्ट सांगते.

---

प्रेषक : उपाध्यक्ष, मस्कत

ताई, नमस्कार.

आपल्याला डावलण्याचा माझा मुळीच हेतू नव्हता. सप्टेंबरअखेर पत्रिकेच्या कच्च्या आराखड्यात बीजभाषणाची जागा कोरी होती, म्हणून मी चौकशी केली. तारीख धरून ठेवणे म्हणजे नक्की करणे नव्हे. पैसे आणि पत्र गेल्याशिवाय दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि आजही आपण मोकळे आहोत.

परंतु मला आपल्याला मनापासून एक विचारायचे आहे. वागळे इस्टेटच्या साहेबांना आपण पत्र पाठवले होते का? मागच्या परिषदेत नाव छापले, फलक लागले, आणि सकाळी दहा वाजता मी स्वतः पुष्पगुच्छ घेऊन वाशी स्थानकाबाहेर उभा होतो. पावणेअकराला वक्त्यांच्या स्वीय सहायकांनी फोनवर सांगितले की साहेब नाशिकला आहेत आणि आजच्या तारखेला डायरीत काहीच लिहिलेले नाही. त्या दिवशीही आपल्यापैकी एकाला 'येतो' असाच शब्द मिळाला होता. सभागृहात बसलेले लोक रजा काढून, विमानाचे भाडे भरून आले होते. पुन्हा त्यांच्यासमोर तसे उभे राहण्याची माझी तयारी नाही.

---

प्रेषक : खजिनदार, ऐरोली

सर्वांस नमस्कार.

कोणता वक्ता हा निर्णय समितीने घ्यावा. पैशाचा मार्ग मात्र आधी समजून घ्यावा, कारण मस्कतहून मला आलेल्या वेगळ्या पत्रात 'मंडळाच्या खात्यातून रक्कम ठाण्याच्या न्यासाला पाठवतो' असे वाक्य आहे आणि तसे करता येणार नाही. मंडळ ही परदेशात नोंदलेली संस्था आहे. तिची देणगी आपल्या स्थानिक न्यासाने घेणे म्हणजे परदेशी देणगी स्वीकारणे. त्यासाठी परदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखालील नोंदणी लागते आणि ती आपल्या न्यासाकडे नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. टोरांटोच्या ज्या मंडळींनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची रक्कम मात्र तशी धरली जाते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरीही. त्यामुळे अग्रिम रक्कम इथल्या प्रवेशशुल्कातून आणि स्थानिक प्रायोजकांच्या पैशांतूनच द्यावी लागेल.

आता आकडे. मानधन १,००,००० रुपये ठरले आहे, असे धरू. वक्ते जीएसटीखाली नोंदलेले असतील, आणि इतकी मागणी असलेले वक्ते बहुधा असतातच, तर १८ टक्क्यांप्रमाणे बिल १,१८,००० रुपयांचे येईल. व्यावसायिक मानधनावरची उद्गम करकपात (टीडीएस) १० टक्के आहे आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ती मूळ लाखावरच होते. म्हणजे वक्त्यांच्या खात्यात १,०८,००० रुपये जातील आणि १०,००० रुपये आपण त्यांच्या नावे सरकारजमा करू. आपला खर्च १,१८,००० रुपयेच राहील. एप्रिल २०२५ पासून या कपातीची वार्षिक मर्यादा ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली आहे, त्यामुळे लहान मानधनांना ती लागणार नाही. पॅन क्रमांक मिळाला नाही तर कपात २० टक्के होते आणि मग वक्ते आपल्यावर रागावतात. म्हणून पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश हाती आल्याखेरीज मी एक रुपयाही पाठवणार नाही. प्रवास आणि मुक्काम मानधनात धरला आहे की वेगळा, हेही पत्रात लिहून घ्यावे; नुसत्या 'अधिक प्रवासखर्च' या शब्दांवर मी यापूर्वी विमानाच्या वरच्या वर्गाचे तिकीट भरले आहे.

---

प्रेषक : ज्येष्ठ सभासद, घणसोली

खजिनदारांचे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण मानधनाचा इतका नीट विचार आमच्या काळात कोणी केला नव्हता. आखातात जाण्यापूर्वी मी ठाण्यात एका व्याख्यानमालेचा कार्यकर्ता होतो. वक्त्याला शाल, श्रीफळ आणि गाडीभाडे एवढेच मिळत असे आणि तरीही सात वर्षांत एकही वक्ता चुकल्याचे मला आठवत नाही. त्याचे कारण असे की आमचे कार्यवाह प्रत्येक वक्त्याला तीन वेळा लिहीत. पहिले निमंत्रणाचे पत्र, त्यात विषय, दिवस, वेळ आणि किती मिनिटे बोलायचे हे असे. होकार आला की आभाराचे पत्र, त्यात तीच तारीख पुन्हा. आठवडाभर आधी एक पोस्टकार्ड, त्यावर कोणता कार्यकर्ता किती वाजता घरी न्यायला येणार हे लिहिलेले असे. तो कार्यकर्ता बहुतेक वेळा मी असे.

मानधन घेणाऱ्याला पत्र आणि आपल्या माणसाला तोंडी निरोप, हा भेद करू नये. माझ्या मते वागळे इस्टेटच्या साहेबांनाही रीतसर पत्र, गाडी आणि योग्य ती रक्कम द्यावी. ते ती घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरीही ती देऊ करावी.

---

प्रेषक : सभासद, खारघर

नमस्कार. मी या पत्रव्यवहाराच्या यादीवर क्वचित लिहिते, पण हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

आपण दोन नावांवर अडलो आहोत, पण श्रोते कोण आहेत? नोंदणी केलेल्यांपैकी बरेच जण परत येऊन तुर्भे-महापे पट्ट्यात किंवा घोडबंदर रस्त्याच्या आसपास काही सुरू करू पाहत आहेत. एमआयडीसीचा गाळा भाड्याने घ्यावा की विकत, बँक तारण म्हणून काय मागते, पहिली निर्यात करताना काय चुकते, हे त्यांना ऐकायचे आहे. माझा नवरा आणि मी परत आलो तेव्हा आम्हालाही हेच हवे होते आणि कोणी सांगितले नाही. व्यावसायिक वक्त्यांची मी तीन मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाहिली आणि ती उत्तम आहे, परंतु कोणाचीही निवडक तीन मिनिटे उत्तमच असतात. त्यांच्या कार्यालयाकडून एक संपूर्ण, न कापलेले भाषण मागवावे आणि समितीतील दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकावे, मगच अग्रिम पाठवावा.

आणखी एक. आठ वक्त्यांच्या यादीत एकही स्त्री नाही. रबाळ्यातील ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि वागळे इस्टेटमधील ठाण्याची लघुउद्योग संघटना या दोन ठिकाणी विचारले तर कारखाना चालवणाऱ्या स्त्रिया सापडतील. त्यासाठी मस्कतहून शोध घ्यायला नको. रबाळ्याला जायची माझी तयारी आहे.

---

प्रेषक : उपाध्यक्ष, मस्कत

संपूर्ण भाषण आजच मागवतो. मात्र दुपारच्या जेवणानंतरची वेळ ज्येष्ठ उद्योजकांना द्यावी, अशी कोणी सूचना करणार असेल तर माझा तिला विरोध राहील, कारण त्या वेळी निम्मे सभागृह बाहेर चहाला असते आणि तो त्यांचा अवमान ठरेल.

---

प्रेषक : वक्ता समिती, नौपाडा (ठाणे)

सर्वांस नमस्कार.

आज सकाळी मी वागळे इस्टेटला जाऊन आले. साहेबांच्या टेबलावर कारखान्याची छोटी दिनदर्शिका असते. मी परिषदेची तारीख सांगताच त्यांनी पुढचे पान उलटले. त्या चौकटीत पेन्सिलीने 'वाशी' लिहिले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह होते. ते म्हणाले, "तुमच्याकडून नंतर काहीच आले नाही, म्हणून मला वाटले बेत बदलला असेल." उपाध्यक्षांनी पत्राबद्दल विचारले तेव्हा मला राग आला होता. तो प्रश्न योग्य होता. पत्र मी पाठवले नव्हते.

त्यांना सर्व परिस्थिती सांगितली. पंचेचाळीस मिनिटे एकट्याने उभे राहून बोलणे या वयात जमणार नाही आणि तसे त्यांना आवडतही नाही. कोणी नेमके प्रश्न विचारले तर तासभर बसायला ते तयार आहेत. त्यांना ११.३० ते १२.३० ही वेळ सोयीची आहे, म्हणजे जेवणाच्या आधीच. सत्कार आणि प्रायोजकांची मनोगते त्यासाठी दुपारी न्यावी लागतील आणि ते प्रायोजकांना मी कळवते. कारखान्यातील निर्यात विभाग सांभाळणाऱ्या बाईंनाही सोबत व्यासपीठावर बसवावे, अशी त्यांनी स्वतःहून विनंती केली. पहिल्या मालाची कागदपत्रे परत आली होती तेव्हा ती बाईंनीच निस्तरली होती. प्रश्न विचारण्याचे काम खारघरच्या ताईंनी घ्यावे असे मला वाटते. रबाळ्यालाही त्यांनी जावेच, कारण दुपारच्या सत्रात एक जागा अजून मोकळी आहे.

तेव्हा १०.३० ची वेळ मस्कतहून सुचवलेल्या व्यावसायिक वक्त्यांना द्यायला वक्ता समितीची हरकत नाही, मात्र त्यांचे संपूर्ण भाषण घणसोलीचे काका आणि मी गुरुवारी रात्रीपर्यंत ऐकू. दोन्ही पत्रांचे मसुदे सोबत जोडले आहेत. त्यांत विषय, मिनिटे, प्रवास, मुक्काम, कार्यक्रम रद्द झाल्यास अग्रिमाचे काय होणार आणि न्यायला येणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव, अशी सहा कलमे आहेत. शेवटचे कलम काकांच्या पोस्टकार्डावरून घेतले आहे. दुरुस्त्या शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत कळवाव्यात. खजिनदारांनी मागितलेली कागदपत्रे उपाध्यक्षांनी वक्त्यांच्या कार्यालयाकडून उद्याच मागवून घ्यावीत. ती आली नाहीत तर १०.३० च्या रकान्यात नाव न छापता केवळ 'बीजभाषण' एवढेच छापायला मी छापखान्याला सांगणार आहे.