याचेपण काका मरणार का? (अमेझिंग स्पायडर-मॅन, २०१२)

तिसरी घंटा

आठवडाभर पाऊस, भाचा मुक्कामाला, वय वर्षं दहा. त्याने ठरवलं की स्पायडर-मॅनचे सगळे सिनेमे ओळीने बघायचे. सॅम रेमीचे तिन्ही उरकले (२००२, २००४, २००७) आणि चौथ्या दिवशी मार्क वेबचा २०१२चा 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' लावला. मार्टिन शीनचे अंकल बेन पडद्यावर आले, दोन वाक्यं बोलले, आणि भाचा चिवडा खाता खाता म्हणाला, "मामा, याचेपण काका मरणार का?"

या रीबूटबद्दलची माझी निम्मी तक्रार पोराने तिथेच सांगून टाकली. उरलेली निम्मी सांगायला धागा काढतोय.

रेमीच्या स्पायडर-मॅनला, टोबी मॅग्वायरला, कोळी चावून जेमतेम दहा वर्षं झाली होती. रेमीचा चौथा भाग जानेवारी २०१०मध्ये रद्द झाला आणि लगेच पाटी कोरी. बरं, करा कोरी. पण १३६ मिनिटांच्या सिनेमात पहिला तासभर पुन्हा तेच गिरवायचं? कोळी, भिंतीला चिकटणारे हात, शाळेतला दांडगा फ्लॅश, काकांशी वादावादी, गोळी.

आणि जे नवीन आणलं ते अर्धवट टाकलं. जाहिरातीत 'आजवर न सांगितलेली गोष्ट' म्हणून ढोल बडवले होते. वडिलांची जुनी ब्रीफकेस सापडते, तिच्यात सूत्र लिहिलेला कागद निघतो. ते ऑस्कॉर्प कंपनीत नेमकं काय करत होते, आईवडील पोराला टाकून का गेले? उत्तर पुढच्या भागात. तिकीट मात्र मी याच भागाचं काढलं होतं. काकांच्या खुन्याच्या मनगटावर चांदणी गोंदलेली असते. पीटर (म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन) रात्री-बेरात्री गुंडांना धरून त्यांची मनगटं तपासत हिंडतो. मग लिझर्ड येतो आणि खुनी विसरला जातो तो जातोच. लिझर्ड म्हणजे मुळात डॉ. कॉनर्स, त्याचंही तसंच. पालीची तुटलेली शेपटी परत फुटते तसा आपला हात फुटावा म्हणून झुरणारा माणूस. त्याची कणव यायला लागते न लागते तोच अख्ख्या न्यूयॉर्कच्या पाली करायचं त्याच्या डोक्यात येतं. का, तर औषध डोक्यात गेलं. संपलं.

पीटरची मैत्रीण ग्वेन आवडली. पण तिच्यावर कुणीतरी लिहीलच.

जाळंविणकर

साफ असहमत. काकांचा खुनी 'विसरला जात' नाही, सोडून दिला जातो. दोन्हींत फरक आहे आणि सिनेमा तो तोंडाने बोलून दाखवतो. ग्वेनच्या घरचं जेवण आठवा. तिचे वडील, कॅप्टन स्टेसी, मासा खाता खाता म्हणतात की हा मुखवटेवाला लोकांना वाचवत वगैरे नाही, एकाच वर्णनाच्या माणसांमागे लागलाय, याचा काहीतरी खाजगी हिशेब आहे. बरोबरच बोलतात. समोर बसलेल्या पीटरला ते झोंबतं.

आणि त्यानंतर लगेच पुलाचा प्रसंग. लिझर्ड गाड्या उचलून विल्यम्सबर्ग पुलाच्या कठड्यावरून फेकतोय, पीटर एकेक गाडी जाळ्याने लटकवून ठेवतोय. एका गाडीत लहान पोरगा अडकलाय. पोरगा घाबरलाय म्हटल्यावर पीटर काय करतो? स्वतःचा मुखवटा काढतो. बघ, मी पण साधा मुलगाच आहे. गाडी पेट घेते तेव्हा तोच मुखवटा पोराला घालायला सांगतो, याने जोर येतो म्हणून. मग ते पोर मुखवटा घालून सीटांवरून वर चढायला लागतं. शेवटी बाप विचारतो, तू कोण? आणि हा पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगतो. एवढा वेळ सूड होता, आता नाव मिळालं. त्यानंतर खुनी सापडला असता तर उलट सिनेमा मागे गेला असता.

रेमीच्या तिन्ही सिनेमांवर माझं प्रेम आहे. पण मुखवटा म्हणजे काय हे असं दोन मिनिटांत सांगणारा प्रसंग मला त्यांत सापडत नाही.

दुपारची झोप

ग्वेनवर मी लिहिते.

रेमीच्या तीन सिनेमांत मेरी जेनने शेवटी काय केलं? पहिल्यात पुलावर लटकली, दुसऱ्यात गोदीवर बांधलेली, तिसऱ्यात जाळ्यात अडकलेल्या टॅक्सीत. तीनदा किंचाळली. (कर्स्टन डन्स्टची चूक नाही, लिहिलंच तसं होतं.) एमा स्टोनची ग्वेन ऑस्कॉर्पमध्ये उमेदवारी करते, इमारत रिकामी करवते, लिझर्डवरचा उतारा तीच तयार करते. शिवाय पीटर तिला आपलं गुपित अर्ध्यातच सांगून टाकतो. 'हिला कळलं तर' या एका काळजीवर जुने सिनेमे किती रेटले होते! इथे ती कटकटच मिटली.

माझा आवडता प्रसंग मारामारीचा नाहीच. शाळेची मार्गिका. त्याला तिला बाहेर बोलवायचंय. "आपण... म्हणजे... किंवा मग दुसरं काही..." ती म्हणते, चालेल. काय चालेल हे दोघांपैकी एकानेही सांगितलेलं नाही. कुठे, कधी, काही ठरत नाही, पण ठरतं. वेबने याआधी एकच सिनेमा केला होता, तोही प्रेमात पडण्याचा आणि पडून आपटण्याचा. हा माणूस इथे घरच्या मैदानावर खेळतोय.

तिसरी घंटा

@दुपारची झोप, ग्वेनबाबत शंभर टक्के मान्य. पण पीटरचं ते मार्गिकेतलं अडखळणं मला लाजणं वाटत नाही. अँड्र्यू गारफिल्ड दिसायला हा असा, केस असे, पायाखाली स्केटबोर्ड. हा मुलगा वर्गात एकटा पडतो यावर विश्वास कसा ठेवायचा? टोबीचा पीटर शाळेच्या बसमागे धावायचा आणि बस थांबायची नाही. तिथे पोटात कालवायचं. हा कोळी चावल्याबरोबर बास्केटबॉलच्या मैदानावर फ्लॅशची जिरवतो, बोर्डाची काच फोडतो. बिचारा कुठला?

@जाळंविणकर, पुलाचा प्रसंग झकास, वाद नाही. पण त्याच पुलावर इरफानचं काय झालं ते सांगा.

माडाखालची खुर्ची

इरफानसाठीच तर गेलेलो! अमेरिकेआधी चार दिवस, २९ जूनला आपल्याकडे लागला होता. डॉ. रथा. येतो, थंड आवाजात कॉनर्सला दम देतो, औषध घेऊन गाडीत बसतो. त्या पुलानंतर माणूस गायब. मेला की जगला, पिच्चर बोलत नाही. आम्ही शेवटची नावं संपेपर्यंत बसून होतो, झाडूवाला येऊन उभा राहिला.

पण मूळ मुद्द्यावर धागाकर्त्यांशी सहमत नाही. 'परत तेच' ही तक्रार आपण कशी काय करू शकतो? आमच्याकडे दशावतारात जत्रेच्या रात्री संकासुर येतोच. वेद पळवणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोण म्हणतो का, हा गेल्या वर्षी पण आला होता? यंदाचा संकासुर काय बोलतो, कुणाची टोपी उडवतो, ते बघायला माणसं जागतात. काका मरणारच. कसे मरतात ते बघायचं.

तिसरी घंटा

उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सोपं झालं. संकासुर आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात येतो, लोकांना हसवतो, आटोपतो. पुढे आख्यान रोजचं वेगळं. या सिनेमात आड दशावतारच तासभर चाललंय आणि आख्यानाला पहाट होत आली.

माडाखालची खुर्ची

😀 ह्याला उत्तर नाही. उद्या देतो.

सळई-सिमेंट

मी साइटवर असतो म्हणून फक्त क्रेनबद्दल.

शेवटाकडे पीटरच्या पायाला पोलिसांची गोळी लागलेली, ऑस्कॉर्पपर्यंत पोचायचंय. पुलावर वाचलेल्या पोराचा बाप बांधकामावरचा, तो ओळखीच्या क्रेनवाल्यांना फोन लावतो. रस्त्याच्या कडेच्या सगळ्या टॉवर क्रेन आपापले हात रस्त्यावर वळवतात आणि हा त्यांना लटकत सुसाट. थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी कपाळावर हात मारला. एक तर टॉवर क्रेनचा हात असा पंख्यासारखा गर्रकन फिरत नाही. दुसरं, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या असताना याला क्रेन कशाला हव्यात? तिसरं आणि महत्त्वाचं: रात्री सुट्टी झालेल्या क्रेन ऑपरेटरला फोन करून परत वर चढवून दाखवा. एक जण येत नाही, इथे सगळे हजर.

जाळंविणकर

@सळई-सिमेंट, तांत्रिक बाबतीत तुमच्यापुढे हात टेकले. पण २००२मध्ये गोब्लिनवर पुलावरून वस्तू भिरकावणारे न्यूयॉर्ककर आपल्याला चालले होते ना? हेही तेच. आणि हा बाप फुकट येत नाहीये, त्याचं पोर या मुलाने बाहेर काढलंय.

सळई-सिमेंट

वस्तू भिरकावायला परवाना लागत नाही हो.

पिवळी पानं

उशिरा आलो. जुनी कॉमिक्स वाचणाऱ्याचे दोन आणे.

चांगलं आधी. जाळं फेकायचं यंत्र मनगटावर बांधलेलं दाखवलं, ते मुळाला धरून आहे. १९६२मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटर घडवला तेव्हा त्याने ते यंत्र आणि तो चिकट द्रव दोन्ही स्वतः बनवले होते. रेमीने मनगटातूनच जाळं काढलं आणि पोराची हुशारी कमी केली. वेबने यंत्र परत आणलं खरं, पण त्यातली तार ऑस्कॉर्पची तयार! पीटरने नुसता फेकायचा खटका बनवला. म्हणजे अर्धीच हुशारी परत मिळाली.

आता दुखणं. कॅप्टन स्टेसीचा मृत्यू. कॉमिकमध्ये (अंक ९०, १९७०) ते ढिगाऱ्याखाली येणाऱ्या एका लहान मुलाला वाचवताना जातात आणि मरताना पीटरला सांगतात की ग्वेनला आता तुझ्याशिवाय कुणी नाही, तिला सांभाळ. सिनेमात तेच स्टेसी मरताना वचन घेतात की ग्वेनला यातून लांब ठेव. नेमकं उलटं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वैतागलो होतो. आता वाटतं, या सिनेमात एवढी एकच गोष्ट खऱ्या अर्थाने नवी आहे. कॉमिकमधल्या पीटरला मुलगी सोपवली जाते, इथल्या पीटरकडून काढून घेतली जाते. वडिलांच्या अंत्यविधीला तो येत नाही, पावसात छत्री घेऊन ती त्याच्या दारात उभी राहते, आणि विचारता विचारता तिला स्वतःलाच कळतं की बाबांनी याच्याकडून वचन घेतलंय.

आणि असं सगळं जमवून आणल्यावर शेवट काय? पीटर वर्गात उशिरा येतो, बाई म्हणतात पुन्हा उशीर करणार नाही असं वचन देऊ नकोस, तुला पाळता येत नाही. हा पुढे बसलेल्या ग्वेनला ऐकू जाईल असं पुटपुटतो की न पाळता येणारी वचनंच भारी असतात. ती गालात हसते. अरे, तिचा बाप आत्ता गेलाय!

दुपारची झोप

मला ती कुजबूज आवडते. शाळकरी पोर तसंच वागणार. मेलेल्या माणसाचा शब्द पाळायला तो भीष्म आहे का? आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागतेच की पुढे. (ज्यांनी २०१४चा दुसरा भाग पाहिला नाही त्यांनी इथून पुढचे प्रतिसाद वाचू नका.)

ताळेबंद

तुम्ही सगळे कलेवर भांडताय. हा सिनेमा निघाला कारण ठरावीक मुदतीत नवा सिनेमा काढला नाही तर स्पायडर-मॅनचे चित्रपटहक्क सोनीकडून मार्व्हलकडे परत जाणार होते. रेमीशी जमलं नाही, घड्याळ चालू होतं. भाडेकराराचं नूतनीकरण समजा. २००७च्या तिसऱ्या भागाने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर कमावले, या रीबूटने सुमारे ७५, त्याच्या दुसऱ्या भागाने सुमारे ७० कोटी. उतरती भाजणी. २०१५मध्ये सोनीने मार्व्हलशी हातमिळवणी केली आणि २०१७च्या टॉम हॉलंडच्या सिनेमात ना कोळी चावताना दाखवला, ना काका.

तिसरी घंटा

म्हणजे निर्मात्यांनीच माझं म्हणणं मान्य केलं! काका न मारता स्पायडर-मॅन करता येतो.

जाळंविणकर

करता आला, कारण दोनदा मारून झाले होते. आणि २०२१मध्ये तिन्ही स्पायडर-मॅन एकत्र आले तेव्हा थिएटरात हुंदका कुणासाठी फुटला ते आठवा. हॉलंडची मैत्रीण एमजे वरून पडते (२०१४च्या भागात ग्वेन अशीच पडून गेली होती), गारफिल्ड झेपावून तिला झेलतो, खाली टेकवतो आणि त्याचाच चेहरा रडवेला होतो. ती त्यालाच विचारते, तू बरा आहेस ना? नऊ वर्षांपूर्वीचा 'फसलेला' रीबूट नसता तर त्या प्रसंगात काय उरलं असतं?

पिवळी पानं

हे मात्र खरं. कॉमिकमध्ये १९७३पासून (अंक १२१) पीटरला ती पडलेली मुलगी छळतेय. तिचं देणं पडद्यावर फेडलं ते टोबीने नाही, याने.

सळई-सिमेंट

तिथेही बांधकामाची परांचीच होती. पण तेव्हा मी काही बोललो नाही.

तिसरी घंटा

@जाळंविणकर, दुसऱ्या सिनेमाने पुढे येऊन उधारी फेडली म्हणून पहिल्याची वही कोरी होत नाही. मत बदललेलं नाही: कोळ्याची गोष्ट म्हणून मार खातो, त्या दोघांची गोष्ट म्हणून तरतो.

बाकी भाच्याला २०१४चा अजून लावून दिलेला नाही. घड्याळाच्या मनोऱ्यात काय होतं ते त्याला ठाऊक नाही. सलग चार दिवस बघत होता, आता दोन दिवस टाळतोय मी, रिमोट सापडत नाही म्हणून. काल झोपताना विचारत होता, "मामा, हिचे बाबापण गेले. आता हिला कोण आहे?"